नवी भट्टी, नवी बॅटरी: पेटंट घ्यायचं की सगळ्यांना देऊन टाकायचं?

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, माणसाने विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत असा काही बदल केला, की टनभर लोखंड वितळवायला जिथे सहाशे युनिट वीज लागायची तिथे पावणेपाचशेत भागू लागलं. या आकड्याचं मोल कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगले, ओतकामाच्या धंद्यात महिन्याचा नफा-तोटा बराचसा विजेच्या बिलावर ठरतो.

आता या माणसाला दोन सल्ले मिळणार हे नक्की. एक जण म्हणेल, "आधी पेटंट काढ भावा, नाहीतर उद्या शेजारचा उचलंल." दुसरा म्हणेल, "एवढी चांगली गोष्ट दडवून काय करणार? सगळ्यांना दाखव, सगळ्यांची वीज वाचंल." दोघंही मनापासून बोलतायत. पण पेटंट नेमकं काय देतं आणि काय देत नाही, हे कळल्याशिवाय यातला कुठलाच सल्ला घेण्यात अर्थ नाही. ऊर्जेच्या बाबतीत तर उशीर आणि चूक दोन्ही महाग पडतात. चांगली भट्टी किंवा चांगली बॅटरी लोकांपर्यंत दहा वर्षं उशिरा पोचली, तर त्या दहा वर्षांचा कोळसा जळून गेलेला असतो.

त्याआधी एक पायरी आहे, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. शोध खरा आहे का?

टनभर लोखंड साधारण १५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला किती उष्णता लागते हे निसर्गाने ठरवून दिलं आहे. विजेच्या हिशेबात ती सुमारे ४०० युनिट भरते. प्रत्यक्षात साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात, कारण बरीच उष्णता भट्टीच्या भिंतीतून, उघड्या तोंडातून आणि भट्टीभोवतालची विजेची कॉइल थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. म्हणजे कसबी माणसाला हात मारायला जागा आहे ती वरच्या दीडशे-अडीचशे युनिटांत. पावणेपाचशेचा दावा अवघड आहे, पण शक्य आहे. शंभर युनिटांत टन वितळवण्याचा दावा शक्यच नाही. प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, असं आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात सुरुवातीलाच म्हटलं आहे. पाण्यावर चालणारं इंजिन, स्वतःच स्वतःला फिरवणारं चाक, हे सगळं तिथेच गळतं. १९९६ मध्ये तामिळनाडूतून आलेल्या 'हर्बल पेट्रोल'च्या बातमीवर देशभर किती लोकांनी विश्वास ठेवला होता, ते आठवून बघा.

खरं-खोटं तपासण्याच्या कामात पेटंटची घाई कशी आडवी येते, त्याचं मोठं उदाहरण १९८९ चं आहे. २३ मार्च रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. सूर्याच्या पोटात होणारी अणुसंमीलनाची क्रिया आपण टेबलावरच्या काचपात्रात, साध्या तापमानाला घडवली, असा त्यांचा दावा होता. विद्यापीठाचा डोळा पेटंटवर होता. म्हणून शोधनिबंध हातात पडण्याआधीच घोषणा झाली आणि प्रयोगाचे बारकावे मात्र राखून ठेवले गेले. जगभरच्या प्रयोगशाळा अर्धवट माहितीवर तोच प्रयोग करत बसल्या. कुणालाच खात्रीलायक निकाल मिळेना. त्याच वर्षी अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावे पटण्याजोगे नाहीत असं सांगितलं. सगळे तपशील पहिल्याच दिवशी उघड असते, तर हा फुगा कितीतरी आधी फुटला असता.

पेटंट म्हणजे काय

भारतात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. वस्तू किंवा पद्धत नवी हवी, त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी, आणि उद्योगात वापरता येण्याजोगी असावी. या तीन कसोट्यांवर उतरली, तर अर्ज केल्या तारखेपासून २० वर्षं इतरांना ती बनवण्यापासून, वापरण्यापासून, विकण्यापासून रोखण्याचा हक्क मिळतो. बदल्यात शोधकाने सगळं लिहून द्यायचं. त्या कामातला जाणता माणूस वाचून ती वस्तू बनवू शकेल इतकं स्पष्ट. हा अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि जगातला कुणीही तो वाचू शकतो.

म्हणजे पेटंट हे लपवण्याचं साधन नाही. ज्याला लपवायचं आहे तो पेटंटच्या वाटेला जातच नाही, तो गुपित कारखान्यात ठेवतो.

पेटंट शेताच्या बांधासारखं आहे. दुसऱ्याला आत येऊ न देण्याचा हक्क तो देतो. आत पीक येईल याची हमी देत नाही, आणि तुमच्या शेताला जायची वाट दुसऱ्याच्या रानातून असेल तर त्याची परवानगी तुम्हाला घ्यावीच लागते. तुमचा बदल भट्टीच्या एका भागावर असेल आणि उरलेली भट्टी दुसऱ्याच्या चालू पेटंटखाली असेल, तर पेटंट हातात असूनही त्याला विचारल्याशिवाय तुम्हाला ती विकता येणार नाही.

शिवाय 'जागतिक पेटंट' असं काही नसतं. भारतातलं पेटंट भारतापुरतं. बाहेर हवं असेल तर त्या त्या देशात अर्ज करायचा. आंतरराष्ट्रीय कराराखाली एक अर्ज करून पहिल्या तारखेपासून अडीच वर्षांपर्यंत वेळ मिळतो, पण शेवटी प्रत्येक देशाचं दार वेगळं ठोठवावं लागतं आणि तो खर्च लाखांत जातो. भारतात राहणाऱ्या शोधकाने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी, मगच परदेशात अर्ज करता येतो. हे फार जणांना माहीत नसतं.

कोल्हापूरकरांचा आणखी एक गोंधळ इथेच सोडवतो. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली, तेव्हा "आपल्याकडे पेटंट आहे ना?" असं अनेकांनी विचारलं. चपलेला २०१९ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ठराविक जिल्ह्यांतल्या कारागिरांचं मिळून आहे, त्यात कुणी एक शोधक नाही, आणि दर १० वर्षांनी त्याचं नूतनीकरण करता येतं. पेटंट नव्या शोधाचं असतं आणि २० वर्षांनी संपतं, ते पुन्हा मिळत नाही.

तेल कंपन्या भन्नाट शोधांची पेटंटं विकत घेऊन कपाटात बंद करतात, असंही ऐकायला मिळतं. प्रसिद्ध झालेली गोष्ट गायब करता येत नाही, आणि २० वर्षांनी ती कुणीही बनवू शकतो. पण या बोलण्यात अगदीच दम नाही असंही नाही. अमेरिकेत मोठ्या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीचे महत्त्वाचे हक्क २००१ नंतर एका तेल कंपनीच्या भागीदारीतल्या उपक्रमाकडे होते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी त्या बॅटऱ्या मिळत नाहीत अशी तक्रार तेव्हा उघडपणे झाली. ती अडवणूक होती की धंद्याचं गणित, यावर अजून वाद आहे. अशा वेळेसाठी आपल्या कायद्यात तोड आहे. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर वस्तू लोकांना परवडणाऱ्या दरात मिळत नसेल किंवा भारतात ते पेटंट वापरलंच जात नसेल, तर दुसरा उत्पादक सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची तयारी नसली तरी मिळणारा परवाना, मागू शकतो. २०१२ मध्ये नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधासाठी असा पहिला परवाना दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. ऊर्जेच्या यंत्रांनाही हीच तरतूद लागू आहे. अणुऊर्जेशी संबंधित शोधांना तर आपल्याकडे कित्येक दशकं पेटंट दिलंच जात नव्हतं.

आधी बोललात की गेलं

शिवाजी विद्यापीठात पातळ थर, सुपरकपॅसिटर, सौरघट यांवर वर्षानुवर्षं चांगलं काम चाललं आहे. अशा ठिकाणच्या संशोधक मुलामुलींना हे सांगायलाच हवं. निबंध छापून आला, परिषदेत पोस्टर लागलं, यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, की कायद्याच्या नजरेत ती गोष्ट नवी राहत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अगदी अरुंद वाट आहे. तिच्यावर विसंबू नये.

मार्ग सोपा आहे. आधी तात्पुरता अर्ज करायचा. त्यात शोधाचं वर्णन असतं, दाव्यांची बारीक कायदेशीर भाषा नंतर आली तरी चालते. त्या दिवशी तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. एकट्या माणसाला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, पुढे तपासणीसाठी ४,०००. खरा खर्च पेटंट एजंटच्या मसुद्याचा, आणि पेटंट मिळालं की तिसऱ्या वर्षापासून वाढत जाणाऱ्या नूतनीकरणाचा. पण तारीख बांधून घेण्यापुरतं बघितलं तर ते साध्या माणसाच्या आवाक्यातलं आहे.

देऊन टाकायचं ज्याने पक्कं ठरवलंय, त्यालाही ही तारीख उपयोगी पडते, आणि माझ्या मते या विषयात हेच सगळ्यात कमी समजून घेतलं गेलंय.

कॉर्नवॉलचा तक्ता

जेम्स वॉट यांना वाफेच्या इंजिनातल्या वेगळ्या कंडेन्सरसाठी, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागासाठी, १७६९ मध्ये पेटंट मिळालं. १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ते १८०० पर्यंत वाढवून दिलं. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या. तिथे पाणी उपसायला इंजिन लागायचं, पण कोळसा स्थानिक नव्हता, तो वेल्सहून जहाजाने यायचा. त्यामुळे कमी कोळसा खाणारं वॉटचं इंजिन त्यांना हवंच होतं. वॉट आणि त्यांचे पैसा घालणारे भागीदार बोल्टन यांची कंपनी त्यासाठी, जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग घ्यायची. खाणमालकांना ते जाचायचं. जोनाथन हॉर्नब्लोअर या तिथल्या इंजिनिअरने दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं, तर वॉट यांच्या पेटंटवरून वाद उभा राहिला.

वॉट यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पेटंटचा भरवसा नसता तर बोल्टनसारख्या माणसाने त्या इंजिनात पैसा घातला नसता, आणि इंजिन खाणीवर पोचलंच नसतं. प्रयोगशाळेतला नमुना आणि रोज चालणारं यंत्र यांच्यामध्ये जी पैसे खाणारी वर्षं असतात, ती कुणीतरी सोसावी लागतात. पेटंटच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

पण १८०० नंतर जे झालं ते जास्त बोलकं आहे. पेटंट संपलं. १८११ पासून खाण-व्यवस्थापक जोएल लीन दर महिन्याला एक तक्ता छापायला लागले. कुठल्या खाणीतलं कुठलं इंजिन, ते कुणी बांधलं, आणि ठरावीक कोळशात त्याने किती पाणी किती उंच उचललं, एवढंच. ज्याचा आकडा वर, त्याचं इंजिन बघायला बाकीचे जायचे, बांधणी समजून घ्यायचे, आपल्याकडे थोडा फेर करून लावायचे. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८१२ मध्ये बांधलेल्या उच्च दाबाच्या पंपाच्या इंजिनासाठी पेटंट घेतलंच नाही, आणि ती रचना भराभर पसरली. पुढच्या तीसेक वर्षांत त्या भागातल्या इंजिनांचं सरासरी काम, तेवढ्याच कोळशात, साधारण तिप्पट झालं. एकाच मोठ्या शोधाने हे झालं नाही. शेकडो छोटे फेरबदल सगळ्यांसमोर झाले म्हणून झालं.

आपल्या उद्यमनगरची, म्हणजे कोल्हापुरातल्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीची, गोष्टही पेटंट संपण्याशी जोडलेली आहे. रुडॉल्फ डिझेल यांचं मूळ पेटंट १८९२-९३ चं. ते पहिल्या महायुद्धाच्या आधीच संपलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर कोल्हापुरातल्या मिस्त्रींनी शेतातल्या पंपासाठी ऑईल इंजिनं बनवायला घेतली, तेव्हा मूळ कल्पनेसाठी कुणाची परवानगी लागली नाही. खोलून बघितलं, साचा केला, ओतलं, लेथवर लावलं. नदीकाठच्या उसाला पाणी देणारी कितीतरी इंजिनं या गल्ल्यांतून गेली.

बॅटरीचे दोन धडे

आता अलीकडची गोष्ट. तुमच्या मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीमागचा एक कळीचा पदार्थ, लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये ऑक्सफर्डला शोधला. विद्यापीठाने पेटंटमध्ये रस दाखवला नाही, हक्क हारवेलच्या सरकारी प्रयोगशाळेकडे गेले, आणि गुडइनफ यांना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. १९९१ मध्ये सोनीने पहिली बॅटरी बाजारात आणली. २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, गुडइनफ यांना नोबेल मिळालं. जगाला बॅटरी मिळाली, पण ती घडवण्याचा उद्योग ब्रिटनमध्ये उभा राहिला नाही, जपानमध्ये राहिला. हक्क सोडून दिला म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. कारखाना उभा करायची तयारी जिथे होती तिथे ज्ञान गेलं.

दुसरा धडा लिथियम आयर्न फॉस्फेटचा. हा पदार्थ १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत पुढे आला. त्या कामात अक्षय पाधी हे भारतीय संशोधक होते. यावर पेटंटं घेतली गेली आणि त्यांचा परवाना कॅनडातल्या हायड्रो-क्विबेककडे गेला. चिनी उत्पादकांना मात्र, माल चीनमध्येच विकायचा या अटीवर, परवाना शुल्क माफ झालं. दशकभर चीनने घरच्या बाजारात या बॅटऱ्या बनवल्या, चुका केल्या, स्वस्त करत नेल्या. बाकीच्या जगात पेटंटं लागू होती, तिथे उत्पादन फारसं वाढलं नाही. २०२२ च्या सुमारास मुख्य पेटंटं संपली आणि तयार बसलेला चिनी माल जगभर गेला. आज आपल्याकडच्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत याच प्रकारची बॅटरी आहे. एकच शोध, एका देशात मोकळा आणि इतरत्र बंद. उद्योग कुठे वाढला ते सगळ्यांसमोर आहे.

मग शोधकाने काय करावं

सोप्या, बघून उचलता येण्याजोग्या गोष्टीला पेटंट घेऊन फार काही साधत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या गुऱ्हाळाचं घ्या. काहिलीखालचं चुलवाण असं बांधलं, की त्याच चिपाडात जास्त रस आटतो आणि गुळव्याला धूर कमी लागतो. ते एकदा बघितलेला गवंडी दुसऱ्या गावात बांधणार. प्रत्येक गुऱ्हाळावर जाऊन कोण कुणावर दावा लावणार? अशा वेळी मापं, विटांचा प्रकार, धुराड्याची उंची, सगळं तारखेसह छापून मोकळं करावं. छापलं की ती गोष्ट नवी राहत नाही, म्हणून उद्या दुसरा कुणी तीच स्वतःच्या नावावर पेटंट करू गेला तर तो छापील कागदच त्याला आडवा येतो. नुसतं चार जणांना तोंडी सांगितलं तर हे संरक्षण मिळत नाही.

नवी बॅटरी किंवा नवा सौरघट यांचं गणित वेगळं आहे. तिथे नमुन्यापासून कारखान्यापर्यंत कोट्यवधी रुपये आणि कित्येक वर्षं जातात. हातात काहीच हक्क नसेल तर पैसे घालणारा विचारतो, "उद्या मोठी कंपनी हेच करणार, मग मी कशाला?" इथे पेटंट घ्यावं आणि मग ते कसं वापरायचं हे स्वतः ठरवावं. लहान उत्पादकांना फुकट, मोठ्यांना शुल्क, असं करता येतं. टेस्लाने जून २०१४ मध्ये आपली पेटंटं सद्‍भावनेने वापरणाऱ्यांवर दावा लावणार नाही असं जाहीर केलं. त्यातला 'सद्‍भावने'चा अर्थ असा, की जो टेस्लावर पेटंटचा दावा लावेल किंवा त्यांच्या मालाची नक्कल करेल त्याला ही सूट नाही. ही अट घालता आली कारण पेटंट हातात होतं. ज्याने काहीच राखलं नाही, त्याला अटही घालता येत नाही. त्याच्या कामावर सुधारणा करून कुणीही पेटंट घेऊ शकतो, आणि मूळ शोधकालाच त्या सुधारणेसाठी पैसे मोजावे लागू शकतात.

जगदीशचंद्र बोस यांना पेटंट पटत नव्हतं. मित्रमंडळींच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये त्यांच्या रेडिओलहरी ओळखणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत पेटंट मिळालं, पण त्यांनी त्यातून पैसा केला नाही. त्यांच्या त्या वृत्तीबद्दल मला अपार आदर आहे. तरीही आजच्या शोधकाला मी तारीख बांधून घे असंच सांगेन, कारण आज त्याच्यासमोर पेटंट विभाग बाळगणाऱ्या कंपन्या उभ्या आहेत.

आणि कागद मोकळा केला म्हणजे ज्ञान पोचलं असं होत नाही. भट्टीच्या लायनिंगचं, म्हणजे आतल्या अस्तराचं, बघा. पेटंटमध्ये लिहिता येईल की सिलिका रॅमिंग मास, म्हणजे ठोकून बसवायची सिलिकाची भुकटी, वापरावा, अमुक जाडी ठेवावी. पण तो कोरडा मास थराथराने किती ठोकायचा, पहिल्या मेल्टला तापमान किती सावकाश चढवायचं, पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने काय बिघडतं, हे मुरलेल्या मेल्टरच्या हातात असतं. हे हातातलं कसब जिथे देवाणघेवाणीत येतं, तिथेच तंत्र पसरतं.

म्हणून कोल्हापुरात लीन यांच्यासारखा तक्ता सुरू व्हावा असं मला फार वाटतं. फौंड्रीवाल्यांच्या संघटना आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, वीजमीटर तर प्रत्येक भट्टीला आहे. दर महिन्याला टनामागे युनिट किती, भट्टी किती टनांची, लायनिंग कसलं आणि किती मेल्ट चाललं, धातू कुठल्या तापमानाला ओतला, झाकण किती वेळ उघडं राहिलं, एवढे रकाने पुरेत. ज्याच्याकडे पेटंट घेण्याजोगं काही आहे त्याने आधी तात्पुरता अर्ज करावा आणि मग आकडा द्यावा. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने सुरुवातीला कुणी नाव द्यायला तयार नसेल, तर फौंड्रीला क्रमांक द्यावा. लीन यांच्या तक्त्यात मात्र इंजिनिअरचं नाव छापलं जायचं, आणि ज्याचं इंजिन वरच्या ओळीत, त्याला शेजारच्या खाणीचं पुढचं काम त्या नावावर मिळायचं.